चित्र दाखवले म्हणून मूल मुके राहत नाही

मूल बोलत नसेल तर त्याला चित्रे दाखवून समजवा, असे सांगितले की बऱ्याच पालकांचा चेहरा उतरतो. 'चित्राची सवय लागली तर ते बोलायचंच विसरून जाईल की, डॉक्टरसाहेब,' असे आई म्हणते. वडील गप्प राहतात. सोबत आलेली आजी सांगते, 'ह्याचा बापबी चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता.' शेंद्रा औद्योगिक वसाहतीच्या परिसरात दवाखाना चालवताना हे बोलणे इतक्या वेळा कानावर आले आहे की आजचा लेख त्यावरच लिहायचे ठरवले.

माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. स्वमग्न मुलाला चित्रांचा आधार देणे म्हणजे त्याच्या बोलण्यावर पाणी सोडणे नव्हे. त्याच्याशी संवाद सुरू करण्याचा तो एक साधा, स्वस्त आणि कसाला उतरलेला मार्ग आहे. तो जितक्या लवकर धरला जाईल तितके बरे.

मी बालविकासाचा तज्ज्ञ नाही, साधा एमबीबीएस डॉक्टर आहे. पण कोणत्याही घरातले लेकरू तज्ज्ञापर्यंत पोचण्याआधी सर्दी-खोकल्यासाठी माझ्यासारख्याच डॉक्टरकडे येते. म्हणून या विषयावर बोलणे हे माझेही काम आहे असे मी समजतो.

स्वमग्नता म्हणजे काय?

इंग्रजीत ज्याला ऑटिझम म्हणतात त्याला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. १९४३ साली लिओ कॅनर या अमेरिकेतील बालमानसोपचारतज्ज्ञांनी ११ मुलांची सविस्तर वर्णने प्रसिद्ध केली, तेव्हापासून वैद्यकशास्त्रात या अवस्थेचा स्वतंत्रपणे विचार होऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न होता. म्हणजे मोठ्या शाळेत अशी चार-पाच मुले असणे ही नवलाची बाब नाही. आपण त्यांना हट्टी, येडा, लाडावलेला अशी नावे ठेवून मोकळे होतो, एवढेच.

स्वमग्नता हा आईच्या दुर्लक्षाचा परिणाम नाही. एके काळी पाश्चात्त्य देशांतील काही तज्ज्ञ आईच्या कोरडेपणाला दोष देत असत, ते मत केव्हाच टाकून देण्यात आले आहे. लसीमुळे स्वमग्नता होते असे सुचवणारा १९९८ सालचा निबंध ज्या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता, त्याच नियतकालिकाने तो २०१० साली मागे घेतला. ही मेंदूच्या जडणघडणीतली, बहुतांशी जन्माआधीच ठरलेली वेगळी ठेवण आहे. तेव्हा सासूने सुनेला आणि सुनेने स्वतःला दोष देणे आधी थांबवावे.

पालकांनी कशाकडे लक्ष द्यावे? वर्षाचे मूल नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही. दीड वर्षाचे झाले तरी हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही, उलट आईचा हात धरून तो डब्यावर नेऊन ठेवते. दोन वर्षांचे झाले तरी दोन शब्द जोडून बोलत नाही. येत असलेले शब्द अचानक गेले. गाडी खेळण्याऐवजी तिचे एकच चाक तासन्‌तास फिरवते. मिक्सर लावला की कान झाकून घेते. यातले एखादेच लक्षण असले म्हणून घाबरू नये, पण दोन-चार एकत्र दिसली तर 'बोलेल तेव्हा बोलेल' म्हणून वर्ष घालवू नये. प्रथम कानाची तपासणी करून घ्यावी, कारण ऐकू येत नसलेले मूलही बोलत नाही. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांकडून विकासाची तपासणी. जिभेखालचा दोर कापणे, वेखंड चाटवणे यांनी स्वमग्न मूल बोलू लागत नाही.

बोलला शब्द विरतो, चित्र समोर राहते

आता चित्रांकडे येऊ. आई म्हणते, 'बाळा, आधी हातपाय धू, मग जेव, मग आपण आत्याकडे जाऊ.' आपल्या दृष्टीने हे एक साधे वाक्य आहे. पण त्यात तीन कामे आहेत, त्यांचा क्रम आहे, आणि बोलून होताच ते वाक्य हवेत विरून गेले आहे. अनेक स्वमग्न मुलांना कानावर पडलेल्या शब्दांतून इतका सगळा अर्थ तेवढ्या वेळात उचलता येत नाही. कित्येकदा त्यांच्या हाती 'आत्या' एवढा एकच शब्द लागतो. मूल दाराकडे धावते, आई त्याला मोरीकडे ओढते, आणि आकांत सुरू होतो. शेजारी म्हणतात, मूल फार हट्टी आहे बरे का!

हीच तीन कामे तीन चित्रांत मांडून भिंतीवर लावली तर काय होते? नळ, ताट आणि आत्याचा फोटो. शब्द एकदा बोलला की गेला, चित्र मात्र जागेवर असते. मूल त्याकडे पाहते, विसरले तर पुन्हा पाहते, आपल्या गतीने समजून घेते. आत्याकडे जायचे आहे हे त्याला दिसते, आणि त्याआधी दोन गोष्टी आहेत हेही दिसते. पुढे काय होणार हे कळले की भीती कमी होते. स्वमग्न मुलांच्या पुष्कळशा रडण्याओरडण्यामागे हट्ट नसतो, पुढे काय होणार हे न कळल्याची भीती असते.

हे काही आज निघालेले खूळ नाही. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात एरिक शॉप्लर यांनी स्वमग्न मुलांना ऐकण्यापेक्षा पाहून अधिक समजते हे ओळखून शिकवण्याची एक पद्धत बसवली. १९७२ साली त्या राज्याने ती राज्यभर लागू केली. 'टीच' या नावाने ती ओळखली जाते. दिवसाचा चित्रमय तक्ता ही त्यातलीच युक्ती. पुढे १९८५ साली अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी मुलाने चित्र देऊन वस्तू मागण्याची पद्धत तयार केली, ती 'पेक्स' या नावाने जगभर गेली. २०२० साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या एका गटाने आजवरच्या अभ्यासांची छाननी करून स्वमग्न मुलांसाठी पुराव्यानिशी उपयोगी ठरलेल्या २८ पद्धतींची यादी केली, तीत चित्रांचा आधार आहे.

आपण स्वतः काय करतो?

तरीही काहींना चित्रे वापरणे कमीपणाचे वाटते. त्यांनी थोडे स्वतःकडे पाहावे. या वसाहतीतल्या कोणत्याही चांगल्या कारखान्याच्या गेटवर डोक्यात हेल्मेट घातलेल्या माणसाचे चित्र असते. जिथे हात घालायचा नाही तिथे लाल पंजा असतो. चालायची वाट पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली असते. यंत्र बिघडले की लाल दिवा लागतो. इंजिनिअर झालेल्या माणसांसाठीही हे सारे करावे लागते, कारण गोंगाटात आणि घाईत तोंडी सूचना टिकत नाही. स्वमग्न मुलासाठी आपले नेहमीचे घरसुद्धा चालू कारखान्याइतके गोंगाटाचे असू शकते.

मुंबईचे डबेवाले डब्यांवरच्या रंगांच्या, आकड्यांच्या आणि अक्षरांच्या खुणांवर रोजचे डबे अचूक पोचवत आले आहेत. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत वाचता न येणाऱ्या कोट्यवधी मतदारांनी चिन्हे पाहून मत दिले, आणि आज वाचता येणारेही चिन्ह पाहूनच बटण दाबतात. आपण सगळे अंकलिपीतली चित्रे पाहत अक्षरे शिकलो. अननसाचे चित्र पाहिले म्हणून आपण 'अ' म्हणायचे विसरलो काय? कालनिर्णयवर दुधाचा खाडा आणि गॅसची तारीख लिहून ठेवणारी गृहिणी तरी दुसरे काय करते? आपल्याला चालतो तो आधार लेकराला दिला की कमीपणा कसा होतो?

घरी सुरुवात कशी करावी?

महागडे काही लागत नाही. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे, गोंद, घरच्या वस्तूंचे फोटो, आणि दप्तराला असते तशी करकर वाजणारी चिकटपट्टी. झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशन करून घेतले की कार्डे पाण्यात आणि तोंडात गेली तरी टिकतात. तेही नको असेल तर दोरी आणि कपड्यांचे चिमटे पुरेत.

सर्वात लहान किंवा चित्र न ओळखणाऱ्या मुलाला आधी खरी वस्तू दाखवावी. अंघोळीची वेळ झाली की हातात तांब्या द्यावा, बाहेर जायचे तर चप्पल. वस्तू आणि घडणारी गोष्ट यांची सांगड बसली की त्याच वस्तूचा फोटो, मग रेषांचे साधे चित्र, आणि पुढे जमल्यास चित्राखाली लिहिलेला शब्द. फोटो आपल्याच घरातल्या वस्तूंचा असावा. इंग्रजी पुस्तकातली टबाची आंघोळ दाखवून बादलीची आंघोळ कशी कळणार? दर वेळी चित्र दाखवताना तो शब्द स्पष्टपणे, एकदाच म्हणावा.

पहिला तक्ता दोनच घरांचा करावा. डाव्या घरात 'आधी', उजव्या घरात 'नंतर'. आधी औषध, नंतर झोका. आधी दात घासणे, नंतर दूध. काम झाले की ते कार्ड मुलाने स्वतः काढून 'झाले' असे लिहिलेल्या डब्यात टाकायचे. इथे पालकांनी एक पथ्य कडक पाळावे. 'नंतर'च्या घरात झोका लावला असेल तर झोका मिळालाच पाहिजे. एकदा फसवणूक झाली की तक्त्यावरचा विश्वास उडतो.

हे अंगवळणी पडल्यावर सकाळच्या चार-पाच कामांचा तक्ता करावा. संडासला बसणे, पॅन्ट घालणे, हात धुणे यांसाठी त्या त्या जागी लहान चित्रमालिका चिकटवावी. ऐन वेळी बेत बदलतोच, पाहुणे येतात, वीज जाते, म्हणून 'बदल' असे एक वेगळ्या रंगाचे कार्ड ठेवावे. सुरुवातीला ते आनंदाच्या बदलासाठी वापरावे, म्हणजे ते दिसताच मूल धास्तावणार नाही.

एका घरातला अनुभव सांगतो, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वडील कारखान्यात कामाला, दर आठवड्याला पाळी बदलणार. पाच वर्षांचा मुलगा संध्याकाळ झाली की दाराशी बसायचा, आणि दुसरी पाळी असली की वडील येईपर्यंत रडून रडून ओकायचा. 'पप्पा रात्री येतील' हे आईने शंभर वेळा सांगून झाले होते. मग आईने कालनिर्णयच्या चौकोनांत पाळीप्रमाणे सूर्य, अर्धा सूर्य आणि चंद्र काढले. खाली पुठ्ठ्यावर कारखान्याच्या गेटचा आणि घराचा फोटो लावला. वडील निघाले की त्यांचा छोटा फोटो कारखान्यावर, परतले की घरावर. मधे जेवणाचे आणि झोपेचे चित्र, म्हणजे पप्पा येण्याआधी काय काय व्हायचे ते दिसावे. साधारण तीन आठवड्यांत रडणे पुष्कळ कमी झाले. आता वडील घरात आले की तो चपला काढायच्या आधी त्यांना तक्त्यापाशी ओढतो आणि फोटो हलवतो. मुलगा अजून फार बोलत नाही. पण त्या घरात संध्याकाळी जेवण होते, ही लहान गोष्ट नाही.

सूचना देण्यापुरती चित्रे नकोत

बहुतेक ठिकाणी गाडी इथे अडते. आईबाप चित्रे करतात, पण ती सगळी हुकमाची असतात. बस, जेव, झोप, अभ्यास कर. मुलाला काही सांगायचे असेल तर त्याच्या हाती काय? म्हणून मुलाच्या बाजूची कार्डे आधी करावीत. पाणी, भूक, शू, थांबा, नको, पुरे, मदत हवी, दुखते. मुलाने पाण्याचे कार्ड आणून दिले की लगेच पाणी द्यावे. 'आधी पाणी म्हण, मग देतो' असा हट्ट मोठ्यांनी धरू नये. तहानलेल्या माणसाकडून व्याकरण वदवून घेण्यासारखे ते आहे. 'नको' हे कार्डही मानावे. प्रत्येक वेळी मानता येणार नाही, पण मुलाने ओरबाडण्याऐवजी कार्ड दिले याचे कौतुक तरी करावे.

डॉक्टर म्हणून 'दुखते' हे कार्ड मला सर्वात महत्त्वाचे वाटते. न बोलणाऱ्या मुलाचा कान ठणकत असेल, दात किडला असेल किंवा पोटात कळ येत असेल, तर ते सांगणार कसे? ते डोके आपटते, स्वतःचा हात चावते, रात्र रात्र झोपत नाही. घरचे म्हणतात, आजार वाढला. माणसाच्या शरीराचे एक साधे चित्र भिंतीवर लावून रोज खेळीमेळीत 'कान कुठे, पोट कुठे' हे दाखवण्याचा सराव केला, तर वेळ आली की मूल बोट ठेवू शकते. आणि कोणी त्याच्याशी वाईट वागले तर तेही सांगण्याची थोडी तरी सोय राहते. बोलता न येणारी मुले अशा अत्याचाराला अधिक सहज बळी पडतात, हे कटू असले तरी पालकांनी लक्षात ठेवावे.

माझ्या दवाखान्यातही पाच चित्रे लावली आहेत. खुर्ची, वजनकाटा, छातीला नळी, उघडलेले तोंड आणि शेवटी घर. तपासणीत काय काय होणार ते मुलाला आधी दाखवतो. दोन-तीन मिनिटे जास्त जातात. पण घाबरलेल्या मुलाला चौघांनी धरून ठेवण्यात याहून अधिक वेळ जातो, आणि पुढच्या खेपेला ते मूल दवाखान्याच्या पायरीवरूनच परत फिरते. माझ्या समव्यावसायिक बंधूंनी हे करून पाहावे.

सणासुदीचेही तसेच. चैत्रात शेंद्र्यात मांगीरबाबांची यात्रा भरते. गर्दी, वाद्ये, भोंगे. अशा ठिकाणी मूल न्यायचेच असेल तर चार दिवस आधीपासून मोबाइलमधले मागच्या वर्षीचे फोटो दाखवावेत, जायचे कुठे, थांबायचे किती, परतायचे केव्हा याची चार चित्रे करावीत, आणि 'घरी चला' हे कार्ड त्याच्या खिशात असू द्यावे. दिवाळीच्या फटाक्यांसाठीही हीच तयारी.

मूळ भीतीचे काय?

चित्रांमुळे बोलणे मागे पडते का, हा प्रश्न संशोधकांनीही तपासला आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली विकासात मागे पडलेल्या व्यक्तींवरील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. चित्रे, खुणा अशी साधने दिल्यावर बोलण्यावर काय परिणाम होतो हे त्यांनी पाहिले. नीट पुरावा असलेल्या २७ जणांपैकी एकाचेही बोलणे कमी झाले नव्हते. बहुतेकांचे वाढले होते, मात्र ही वाढ माफक होती. स्वमग्न मुलांवरील २००८ सालच्या आणखी एका आढाव्याचा निष्कर्षही असाच आहे. यातले दोन्ही भाग पालकांनी लक्षात ठेवावेत. चित्राने बोलणे थांबत नाही. आणि चित्र लावले की मूल घडाघडा बोलू लागेल, असेही कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

याचे कारण समजण्यासारखे आहे. तान्हे मूल बोलण्याआधी बोट दाखवते, हात पसरते, मान हलवते, आणि त्या खुणांना आपण उत्तर देतो म्हणून त्याला पुढे शब्दांची गोडी लागते. स्वमग्न मुलाच्या बाबतीत ही मधली पायरी कच्ची राहिलेली असते. चित्र ती पायरी बांधून देते. आपण काही दिले की समोरचा माणूस काही करतो, हे एकदा उमगले की संवादाची खटपट करण्यात अर्थ आहे हे मुलाला कळते.

चुका कोणत्या टाळाव्यात तेही थोडक्यात सांगतो. पहिल्याच दिवशी पन्नास कार्डे लावू नयेत, दोनांपासून सुरुवात करावी. कार्डे कपाटात जपून ठेवू नयेत, ती मुलाच्या हाताच्या उंचीवर असावीत. आईने एक पद्धत आणि आजीने दुसरी असे करू नये. शिक्षा म्हणून कार्डे काढून घेऊ नयेत, ते मुलाच्या तोंडावर हात ठेवण्यासारखे आहे. आणि मूल सुधारले म्हणून तक्ता एकदम उतरवू नये, चष्म्याने नीट दिसू लागले म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही. एखाद्या मुलाला चित्रांत गोडी नसते, नजर कमजोर असते, तिथे वस्तू किंवा हातांच्या खुणा चालतात. मुलागणिक फरक पडतो, म्हणून वाचा-उपचारतज्ज्ञ किंवा विशेष शिक्षकाचा सल्ला मिळेल तिथे जरूर घ्यावा.

शाळेने अडवू नये

माझ्या माहितीतल्या एका शाळेने मुलाच्या गळ्यातली कार्डांची माळ काढायला लावली. कारण काय, तर इतर मुले हसतात. शाळेचे नाव घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. हसणाऱ्या मुलांना समजावणे हे शाळेचे काम. ज्याच्याकडे बोलायला तेवढेच साधन आहे त्याचे साधन काढून घेणे हा उपाय कसा? कायदाही मुलाच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांमध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. त्याच कायद्यात 'संवाद' या शब्दाची जी व्याख्या आहे तीत ब्रेल आणि खाणाखुणांच्या भाषेबरोबर दृश्य फलक आणि बोलण्याला पूरक व पर्यायी साधनेही धरली आहेत. म्हणजे मुलाच्या हातातले पाण्याचे चित्र कायद्याच्या दृष्टीने संवादच आहे.

शिक्षकांनाही यात लाभ आहे. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाच्या तासांची चित्रे काढली तर वर्गातल्या सगळ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो. आमच्या भागात बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आहेत. घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. त्यांनाही मराठी शब्दाशेजारी चित्र असलेले हवेच असते. अंगणवाडी सेविका तर तक्ते आणि चित्रे रोजच हाताळतात, त्यांना हे शिकवायला वेळ लागणार नाही.

मदत कुठे मिळेल?

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत पथकांमार्फत होते. विकासातील विलंब आणि स्वमग्नतेसारखे वर्तनदोष त्या तपासणीच्या यादीत आहेत. शंका असल्यास पथकाला विचारावे, पुढे जिल्हा पातळीवरच्या केंद्राकडे पाठवणी होते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरतात. राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यात स्वमग्नता आहे, आणि न्यासाच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा आहे. छत्रपती संभाजीनगरात अंबिका टाकळकर यांची 'आरंभ', पुण्यात 'प्रसन्न ऑटिझम सेंटर' आणि मुंबईत डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी २००१ साली स्थापन केलेले 'उम्मीद' या संस्था या मुलांसाठी काम करतात. ज्यांच्या हाती स्मार्टफोन आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीने 'जेलो' नावाचे चित्र दाबले की शब्द बोलून दाखवणारे विनामूल्य साधन तयार केले आहे, ते मराठीतही आहे. मात्र मोबाइल दिला की कार्टून मागितले जाते, म्हणून लहान मुलाची सुरुवात पुठ्ठ्याच्या कार्डांनीच करावी असे माझे मत आहे.

आणखी एक इशारा. स्वमग्नता पूर्ण बरी करतो असे सांगून लाखो रुपये उकळणारे लोक आहेत. मूळ पेशींच्या इंजेक्शनांसाठी शेत गहाण टाकायला निघालेले वडील मी पाहिले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली स्वमग्नतेवर मूळ पेशींचा उपचार करू नये असे स्पष्ट केले आहे. अशा ठिकाणी पैसे घालण्यापूर्वी दोन तज्ज्ञांना विचारावे, आणि तोच पैसा मुलाच्या शिकवणीवर व आईच्या थोड्या विश्रांतीवर खर्च करावा.

आईच्या विश्रांतीचा उल्लेख मुद्दाम केला. तक्ते करणे, कार्डे जपणे, दर वेळी दाखवणे हे सगळे तिच्याच अंगावर पडते. वडिलांनी पाळीवरून आल्यावर निदान एक तक्ता आपल्याकडे घ्यावा. आजी-आजोबांनी नजर काढायची असेल तर खुशाल काढावी, पण मीठ-मोहरीबरोबर पाण्याचे कार्डही हातात धरावे.

चित्रांनी स्वमग्नता जात नाही. मूल स्वमग्नच राहते, फक्त ते आपल्यापासून तुटून राहत नाही. ज्या घरात असे लेकरू असेल त्यांनी हा अंक खाली ठेवल्यावर दोनच कार्डे करावीत, एक पाण्याचे आणि एक 'नको'चे. आठ दिवस रोज वापरून पाहावीत. काही अडले तर दवाखान्यात यावे, कार्डे पाहण्याचे मी वेगळे पैसे घेत नाही.